रग्बी लीगमधला आडदांडपणा: मार एकाला, भरपाई तिसऱ्यालाच

५ जून २०२४, सिडनी. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड, म्हणजे ऑस्ट्रेलियातली रग्बी लीगची सर्वांत कडवी झुंज. 'स्टेट ऑफ ओरिजिन' मालिकेतला पहिला सामना. जेमतेम आठव्या मिनिटाला क्वीन्सलँडचा फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागे खेळणारा, रीस वॉल्श चेंडू पास करत होता आणि समोरून सुसाट आलेल्या जोसेफ सुआलीईचा खांदा थेट त्याच्या तोंडावर आदळला. वॉल्श जागच्या जागी आडवा. सुआलीई २० वर्षांचा, ओरिजिनमधला त्याचा हा पहिलाच सामना. रेफरी ॲशली क्लाइनने त्याला मैदानाबाहेर काढलं, ते सामना संपेपर्यंत. उरलेली ७२ मिनिटं न्यू साउथ वेल्स १३ ऐवजी १२ जणांनी खेळलं आणि ३८-१० असं हरलं.

मग वाद पेटला. एका बाजूचं म्हणणं असं की, एका क्षणाच्या चुकीला ७२ मिनिटांची शिक्षा म्हणजे सामन्याचाच खून; लोकांनी तिकिटं काय एकतर्फी खेळ बघायला काढली होती? दुसरी बाजू म्हणाली, वॉल्श त्या रात्री पुन्हा मैदानात उतरू शकला नाही, मग त्याला पाडणाऱ्याने का खेळायचं? माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं. पण ते का, हे सांगायचं तर रेफरीच्या हातात कोणकोणती हत्यारं असतात आणि त्यातलं कुठलं कुणाला लागतं, हे आधी समजून घ्यावं लागेल.

त्याहीआधी खेळ कोणता ते स्पष्ट करू. रग्बी म्हटलं की आपल्याकडे बॉम्बे जिमखाना आठवतो, किंवा जून २०२५ मध्ये अंधेरीत झालेली रग्बी प्रीमियर लीग. तिच्या नावात 'लीग' असलं तरी ती रग्बी लीग नव्हे. ती सात-सात जणांची, रग्बी युनियनच्या घरातली. रग्बी लीगने आपली चूल १८९५ मध्येच वेगळी मांडली. उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्या-खाणींतले कामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यायला संघटना राजी नव्हती, म्हणून तिथल्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन काडीमोड घेतला. आज हा खेळ सर्वांत जोरात चालतो तो ऑस्ट्रेलियात आणि उत्तर इंग्लंडमध्ये. ऑस्ट्रेलियात नॅशनल रग्बी लीग (एनआरएल), इंग्लंडमध्ये सुपर लीग.

प्रत्येक संघात १३ जण, वेळ ८० मिनिटं. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला लागोपाठ सहा टॅकल मिळतात, म्हणजे सहाव्यांदा पकडला गेला की चेंडू समोरच्याला द्यायचा. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांनी १० मीटर मागे हटायचं, आणि मग दोघांनीही पुन्हा एकमेकांच्या अंगावर धावून जायचं. पुढच्या फळीतला एकेक खेळाडू (फॉरवर्ड) सामन्यात ३०-४० टॅकल सहज करतो. धडक हाच खेळाचा पाया, त्यामुळे इथे अंगाला हात लावणं हा गुन्हा नाही. कुठे लावला आणि कसा लावला, एवढंच बघायचं.

नियमातला सर्वांत महत्त्वाचा भाग डोकं आणि मान यांच्याबद्दल आहे. टॅकल करताना प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला किंवा मानेला मुद्दाम, बेपर्वाईने किंवा निष्काळजीपणे लागलं तर तो गैरप्रकार. तीनही शब्द लक्षात ठेवा. 'मी मुद्दाम नाही केलं' ही सबब नियमातच निकालात काढलेली आहे. निष्काळजीपणा हाही गुन्हाच, फक्त शिक्षा कमी.

बाकीचे बरेचसे प्रकार एखाद्याचं काहीतरी मोडल्यावरच नियमात आले किंवा कडक झाले. मार्च २०१४ मध्ये न्यूकासलच्या ॲलेक्स मॅकिननला मेलबर्नच्या तिघांनी पकडलं. उचलला गेला, पाय वर आणि डोकं खाली अशा अवस्थेत पडला आणि मान मोडली. तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. तिघांपैकी एकाला सात सामन्यांची बंदी झाली. हातांनी कवळ न घालता नुसत्या खांद्याने ठोकणं, म्हणजे शोल्डर चार्ज, एकेकाळी प्रेक्षकांचा लाडका होता. एनआरएलने तो २०१३ च्या हंगामापासून बंद केला. तरीही जून २०१५ मध्ये क्वीन्सलँडच्या राज्यस्तरीय स्पर्धेत अशाच धडकेनंतर जेम्स ॲकरमन हा खेळाडू दगावला.

अलीकडे गाजतात ते 'क्रशर' आणि 'हिप-ड्रॉप'. क्रशरमध्ये पकडलेल्या खेळाडूच्या मानेवर मागून छातीचा भार टाकला जातो. हनुवटी छातीत रुतते आणि मणके दाबले जातात. हिप-ड्रॉपमध्ये मागून कंबर धरलेला माणूस स्वतःचे पाय उचलून सगळं वजन समोरच्याच्या पोटऱ्यांवर सोडतो. घोटा जमिनीला खिळलेला, वरून शंभर किलो. टीव्हीवर दोन्ही अगदी किरकोळ दिसतात, ना रक्त ना आदळआपट. म्हणूनच ते पकडायला अवघड जातात, आणि समालोचक 'यात काय एवढं?' म्हणून मोकळे होतात.

आता रेफरीची हत्यारं. सर्वांत हलकं म्हणजे 'सिक्स अगेन'. सहा टॅकलची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू, खेळ न थांबता. एनआरएलने मे २०२० मध्ये, कोविडनंतर खेळ पुन्हा सुरू करताना ते आणलं. पकडलेल्याला वेळेवर न सोडणं, त्याच्या अंगावर रेंगाळणं असल्या बारीकसारीक लबाड्यांसाठी. मग पेनल्टी. ती मिळालेला संघ चेंडू बाजूच्या रेषेबाहेर मारून ३०-४० मीटर पुढे सरकतो आणि तिथून नव्या सहा टॅकलनी सुरुवात करतो. गोलखांब जवळ असतील तर थेट किक मारून २ गुण घेतो. त्यावर 'ऑन रिपोर्ट'. रेफरी डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो; म्हणजे प्रकार गंभीर वाटतोय, सामन्यानंतर समिती बघेल. त्यावर सिन बिन, म्हणजे १० मिनिटं बाहेर. एनआरएलचा रेफरी कार्ड दाखवत नाही, दोन्ही हात वर करून दहा बोटं पसरतो. सुपर लीगमध्ये पिवळं आणि लाल कार्ड असतं. कबड्डीत पिवळ्या कार्डाला २ मिनिटं बाहेर बसावं लागतं, ते आपल्याला माहीत आहे. इथे त्याच्या पाचपट. आणि शेवटचं, सेंड-ऑफ. खेळाडू गेला तो गेला, बदली माणूस नाही.

दोन खास तरतुदी आहेत, फार क्वचित दिसतात, पण माझ्या मते सगळ्या नियमावलीत सर्वांत न्यायाच्या त्याच. समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो. फाउल झाला नसता तर ट्राय झालाच असता अशी खात्री असेल, तर रेफरी सरळ पेनल्टी ट्राय देतो. आणि ट्राय करणाऱ्याला ट्राय करताना किंवा केल्यावर कुणी मारलं, तर ट्रायचे ४ आणि त्यानंतरच्या किकचे २ यांच्यावर खांबासमोरून आणखी एक किक मिळते. एकूण ८ गुणांची संधी.

पेनल्टी ट्रायचं सर्वांत गाजलेलं उदाहरण सप्टेंबर १९९९ चं, एनआरएलच्या अंतिम सामन्याचं. सिडनीत १,०७,९९९ प्रेक्षक. सेंट जॉर्ज इलावारा मध्यंतराला १४-० असं पुढे होतं, शेवटची काही मिनिटं उरली तेव्हाही १८-१४ अशी आघाडी होती. मेलबर्न स्टॉर्मने गोलरेषेपलीकडे उंच किक मारली. क्रेग स्मिथने ती हवेत झेलली आणि चेंडू टेकवायला खाली येत असतानाच जेमी एन्सकफचा हात त्याच्या डोक्यावर बसला. स्मिथ बेशुद्ध, चेंडू सुटला. रेफरी बिल हॅरिगनने व्हिडिओ रेफरीकडे विचारणा केली. उत्तर आलं: पेनल्टी ट्राय. मॅट गायरने खांबासमोरून सोपी किक मारली आणि मेलबर्न २०-१८ ने विजेतं. इथे एन्सकफला मैदानाबाहेर काढून काय मिळालं असतं? दोन-तीन मिनिटं बारा जण. पेनल्टी ट्रायने मात्र जे हिरावलं गेलं होतं तेच, ज्याचं होतं त्यालाच, तिथल्या तिथे परत मिळालं.

'ऑन रिपोर्ट' नेमकं इथेच उघडं पडतं. कल्पना वाईट नाही. रेफरीला धावता धावता सगळं दिसत नाही, तेव्हा सोमवारी शांतपणे चित्रफीत बघून श्रेणी ठरवावी, दंड किंवा बंदी द्यावी. पण हिशेब मांडून बघा. शनिवारी 'अ' संघाच्या माणसाने 'ब' संघाच्या मुख्य खेळाडूला उंच टॅकल करून बाहेर घालवलं. रेफरीने हातांची फुली केली, पेनल्टी दिली, खेळ सुरू. 'ब' संघ आपल्या मोहऱ्याविना उरलेला सामना खेळला आणि हरला. तीन आठवड्यांची बंदी आली, तिचा फायदा कुणाला? पुढच्या तीन शनिवारी 'अ'शी खेळणाऱ्या 'क', 'ड' आणि 'ई' संघांना. ज्याने मार खाल्ला त्याच्या वाट्याला वरातीमागून घोडे.

हे कागदावरचं गणित नाही. जून २०१३ मध्ये ओरिजिनच्या पहिल्या सामन्यात न्यू साउथ वेल्सचा कर्णधार पॉल गॅलनने क्वीन्सलँडच्या नेट माइल्सला ठोसे लगावले, अख्ख्या देशाने थेट पाहिलं. गॅलन मैदानावरच राहिला आणि न्यू साउथ वेल्स १४-६ ने जिंकलं. समितीने एका सामन्याची बंदी दिली. ती त्याने भोगली आपल्या क्लबकडून, क्रोनुलाकडून. तीन आठवड्यांनी ओरिजिनचा दुसरा सामना झाला तेव्हा गॅलन हजर. म्हणजे भांडण दोन राज्यांचं आणि भुर्दंड सिडनीच्या एका उपनगरातल्या क्लबाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

गवगवा झाल्यावर एनआरएलने फर्मान काढलं: इथून पुढे जो ठोसा मारेल तो १० मिनिटं बाहेर, अपवाद नाही. दुसऱ्याच सामन्यात हाणामारी झाली आणि दोन्हीकडचे मिळून चार जण एकदम सिन बिनमध्ये गेले. जुन्या पिढीतल्या कित्येकांनी गळा काढला की, ओरिजिनचा आत्मा गेला. काही गेला नाही. ठोसेबाजी मात्र भराभर ओसरली, कारण ठोसा मारण्याची किंमत पुढच्या आठवड्यातल्या कुणा तिऱ्हाइताला नव्हे, तर शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच बारा जणांना मोजावी लागते, हे खेळाडूंना कळलं. पुढची १० मिनिटं ६८ मीटर रुंदीचं मैदान एक माणूस कमी असताना सांभाळायचं आणि प्रत्येक टॅकलनंतर १० मीटर मागे पळायचं. सहकाऱ्यांच्या नजरेला नजर देणंच अवघड होतं.

शिक्षा किती यापेक्षा ती कधी आणि कुणाच्या अंगावर पडते हे जास्त महत्त्वाचं, हे 'सिक्स अगेन'नेही दाखवून दिलं. खेळ वेगवान करायला आणलेल्या या नियमातून प्रशिक्षकांनी लगेच पळवाट काढली. समजा समोरचा संघ स्वतःच्या गोलरेषेजवळ आहे आणि त्याचा पहिलाच टॅकल झालाय. अशा वेळी त्याला मुद्दाम दाबून ठेवायचं, आपली फळी नीट लावून घ्यायची. रेफरी 'सिक्स अगेन' देईल. देऊ दे. एकच टॅकल झाला होता, तो पुन्हा मोजला, बिघडलं काय? पाचव्या टॅकलला हेच केलं तर महागात पडतं, पहिल्याला जवळपास फुकट. शेवटी २०२२ मध्ये नियम बदलावा लागला: चेंडू बाळगणारा संघ स्वतःच्या ४० मीटरच्या आत असेल तर 'सिक्स अगेन' नाही, पूर्ण पेनल्टी. शिक्षा स्वस्त असली की तिचं तिकीट होतं आणि लोक ते काढून आत शिरतात.

आता अवघड भाग. शिक्षा कृत्य बघून द्यायची की परिणाम बघून? तसाच्या तसा टॅकल. एकदा समोरचा उठून हसत चालू लागला, एकदा स्ट्रेचरवरून गेला. माणसाचं मन परिणामाकडे ओढ घेतं, रेफरीचंही. पण टॅकल करणाऱ्याच्या हातात कृत्य असतं. परिणाम बराचसा नशिबाचा. त्यामुळे रेफरीने विचारायचे प्रश्न साधे असावेत. हात कुठून आला? वेग किती होता? वाकायला, खाली जायला त्याला वेळ होता का? समोरचा अचानक घसरल्यामुळे त्याचं डोकं खाली आलं का? घसरला असेल तर शिक्षा सौम्य करायला हरकत नाही. पण टॅकल करणाराच ताठ उभा राहून भिडला असेल, तर समोरचा उठला की नाही हा प्रश्नच येऊ नये.

परिणामाकडे बघून शिक्षा देण्याचा एक विचित्र तोटा आहे. खेळाडू उठायचेच बंद होतात. व्हिडिओ रेफरी मैदानावरच्या रेफरीच्या कानाशी लागून 'मागे जाऊन बघू या' म्हणेपर्यंत खाली पडून राहायचं, पेनल्टी मिळाली की टुणकन उभं राहायचं. हा रडीचा डाव एनआरएलमध्ये इतका बोकाळलाय की, खरोखर लागलेला माणूस कोणता आणि नाटक्या कोणता, हे प्रेक्षकांनाही कळेनासं झालंय.

डोक्याबाबत एवढी कडक भूमिका का, याला कारण आहे. क्वीन्सलँडचा दैवतासमान खेळाडू वॉली लुईस, ज्याचा पुतळा ब्रिस्बेनच्या स्टेडियमबाहेर आहे, त्याने २०२३ मध्ये जाहीर केलं की, डॉक्टरांना त्याला सीटीई असण्याची दाट शक्यता वाटते. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांशी जोडलेला हा मेंदूचा आजार. नक्की निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. माजी खेळाडू आणि प्रशिक्षक पॉल ग्रीन २०२२ मध्ये वारला, त्याच्या मेंदूत तो सापडला. अशा बातम्या येत असताना 'पूर्वी आम्ही असलं चालवून घ्यायचो' या बढाईला काही अर्थ राहत नाही.

मे २०२१ मध्ये एनआरएलने कडकपणा अमलात आणला तोही बघण्यासारखा. ब्रिस्बेनमध्ये 'मॅजिक राउंड' होता, म्हणजे फेरीतले सगळे सामने एकाच मैदानावर. डोक्याला हात लावाल तर बाहेर जाल, अशी तंबी ऐन हंगामात दिली गेली. त्या एका फेरीत ३ सेंड-ऑफ आणि १४ सिन बिन झाले. खेळाडू चक्रावले, प्रशिक्षक चिडले. मला निर्णय योग्य वाटतो, पद्धत चुकली. गेल्या शनिवारी ज्याला नुसती पेनल्टी होती त्याला या शनिवारी सेंड-ऑफ, हे नियम पाळणाऱ्यालाही बुचकळ्यात टाकणारं. त्यातून पुढे आठवड्यागणिक पकड सैल होत गेली की खेळाडू ओळखतात, हे वादळ आहे, मान खाली घालून बसा, जाईल निघून. कडक राहायचं तर मार्चमध्ये पहिल्या सामन्यापासून ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यापर्यंत सारखंच राहावं. अंतिम सामन्यात सूट द्यायची ही जी अलिखित प्रथा आहे, ती सर्वांत आधी मोडीत काढायला हवी.

या बाबतीत इंग्लंडच्या रेफरींनी हिंमत दाखवली आहे. ऑक्टोबर २०१४, सुपर लीगचा अंतिम सामना, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड. दोन-तीन मिनिटं झाली असतील नसतील, विगनच्या बेन फ्लॉवरने सेंट हेलेन्सच्या लान्स होहाइयाला ठोसा मारून पाडलं आणि तो जमिनीवर निपचित पडलेला असताना आणखी एक ठोसा मारला. रेफरी फिल बेंथमने तडक लाल कार्ड काढलं. सुपर लीगच्या अंतिम सामन्यातला तो पहिला सेंड-ऑफ. विगन जवळपास सगळा सामना १२ जणांनी खेळलं, १४-६ ने हरलं. फ्लॉवरला सहा महिन्यांची बंदी झाली. गंमत म्हणजे १२ जणांनीही विगनने सामना शेवटपर्यंत झुंजवत ठेवला. सेंड-ऑफ झाला की सामना संपतो, हे दर वेळी खरं नसतं. २०२४ मध्येही न्यू साउथ वेल्सने पहिला सामना गमावून पुढचे दोन्ही जिंकले आणि मालिका घेतली.

तरीही ७२ मिनिटांचा आक्षेप पूर्णपणे झटकून टाकता येत नाही. तोच टॅकल ७८व्या मिनिटाला झाला असता तर शिक्षा दोन मिनिटांची. गुन्हा सारखा, शिक्षा घड्याळावर अवलंबून. रग्बी युनियनने यावर तोडगा म्हणून २० मिनिटांचं लाल कार्ड आणलं आहे: दोषी खेळाडू परत येत नाही, पण २० मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा उतरतो. २०२५ च्या सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे सहा युरोपीय संघांच्या स्पर्धेत, ते वापरलं गेलं. रग्बी लीगनेही ते घ्यावं असं अनेकांना वाटतं. एनआरएलने २०२१ मध्ये दुसऱ्या टोकाने थोडी भरपाई आणली होती. फाउलमुळे आपला खेळाडू जायबंदी झाला आणि मारणारा सिन बिन किंवा सेंड-ऑफ झाला, तर तेरा जण आणि चार बदली खेळाडू यांच्यापलीकडे राखून ठेवलेला अठरावा माणूस उतरवता येऊ लागला. निदान ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे बघणारी तरतूद.

२० मिनिटांच्या कार्डाला माझा सरसकट विरोध नाही. टॅकल करायला गेला, उंची चुकली, डोक्याला लागलं, अशा सुआलीईसारख्या प्रसंगात ते चालेल. २० मिनिटं १२ जणांनी खेळणं ही लुटुपुटूची शिक्षा नव्हे, आणि पुढे बंदी आहेच. त्या रात्री क्लाइनने केलं ते मात्र तेव्हाच्या नियमांत अगदी बरोबर होतं. पण जिथे टॅकलचा प्रयत्नच नव्हता, म्हणजे मिटलेली मूठ, पाडलेल्या माणसावर हात, चावा, डोळ्यात बोट, तिथे २० मिनिटांनी तेरावा माणूस आणून देणं मला पटत नाही. फ्लॉवरच्या जागी तेविसाव्या मिनिटाला ताज्या दमाचा फॉरवर्ड उतरला असता तर होहाइयाच्या संघाला काय वाटलं असतं? रेफरीला हे दोन प्रकार वेगळे ओळखायला मनातला हेतू शोधत बसायची गरज नाही. हात पकडायला उघडा होता की मारायला मिटलेला, हे पडद्यावर दिसतं.